सिन्नर, १७ डिसेंबर २०२२: चढाईला कोण?

एसटी सिन्नरच्या स्थानकात वळते तेव्हा सात वाजत आलेले असतात. शनिवार, १७ डिसेंबर २०२२. पायरीवरून उतरताच तुम्हाला जाणवते ती थंडी. नाशिक जिल्ह्यातली डिसेंबरची थंडी कान शोधत येते. फलाटावर मफलर, कानटोप्या आणि घरी निघालेले कामगार. माळेगाव आणि मुसळगावच्या कारखान्यांतून सुटलेली माणसं डबा काखेत मारून चालतायत.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. आज रात्री काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यानंतरच्या सव्वा वर्षात काय होणार तेही. इथे कुणाला ते सांगायचं नाही, एवढी एकच अट.

गावात बोलायला विषय भरपूर आहेत. सहा दिवसांपूर्वी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झालाय. सिन्नर तालुक्यातून जाणारा पुढचा तुकडा अजून डंपर आणि रोलरच्या ताब्यात आहे. राज्यातल्या सात हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान उद्यावर आलंय, त्यामुळे खेड्यांकडे जाणाऱ्या जीपगाड्यांत कुजबूज चालू आहे. मुंबईत आज महाविकास आघाडीचा मोर्चा निघाला. चितगावला बांगलादेशाविरुद्धच्या कसोटीचा चौथा दिवस संपलाय. आणि उद्या रात्री कतारमध्ये अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स आहे. पोरांच्या अंगात मेस्सीचे निळे-पांढरे पट्टे आत्तापासून चढलेत.

तरी तुम्ही रस्ता ओलांडून त्या चहाच्या टपरीकडेच जा. पत्र्याच्या छपराखाली दोन बाकडी, वर लोखंडी कंसात बसवलेला टीव्ही. चहा करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. त्यांच्या आईचा जन्म विड्या वळण्यात गेला. त्यांच्या स्वतःच्या बोटांनाही लहानपणी तंबाखूचा वास असायचा, कारण या गावात हजारो घरांची चूल टेंभुर्णीच्या पानावर पेटायची. टपरीवर आज फुटबॉल लागणार नाही, हे त्यांनी आधीच जाहीर केलंय. आज वरळीच्या एनएससीआय डोममध्ये प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामाची अंतिम लढत आहे. जयपूर पिंक पँथर्स विरुद्ध पुणेरी पलटण. पलटण पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलीय.

बाकड्यावर तुम्हाला जागा मिळते. एका बाजूला निवृत्त क्रीडाशिक्षक. त्यांना गाव 'सर' एवढंच म्हणतं. दुसऱ्या बाजूला मुसळगावच्या कारखान्यात यंत्रावर काम करणारा पलटणचा चाहता, तिशीचा, त्याला पोरं दादा म्हणतात. समोर स्टुलावर आप्पा. आप्पा यू मुम्बाचे. त्यांचा संघ यंदा बाद फेरीत पोचलाच नाही, म्हणून आज ते निव्वळ पुण्याला बोलायला आलेत. आणि खांबाला टेकून उभा एक सतरा वर्षांचा पोरगा, स्वतः चढाईपटू, गुडघ्यावर जुनं खरचटलेलं. तो ऐकतो जास्त, पण बोलतो तेव्हा सगळ्यांना थांबावं लागतं.

"आठ हंगामांत पुण्यानं काय जिंकलं, ते सांग फक्त," आप्पा सुरू करतात. "आमचा अनुप कुमार २०१५ लाच करंडक घेऊन गेला."

"आप्पा, ती गोष्ट झाली सात वर्षांची," दादा म्हणतो. "साखळीत पहिले दोन कोण? जयपूर ८२, पुणे ८०. म्हणून तर एलिमिनेटर न खेळता थेट उपांत्य फेरीत."

"आणि मोहित? अस्लम?"

इथे टपरीवर शांतता पडते, कारण हाच खरा प्रश्न आहे. मोहित गोयत आणि अस्लम इनामदार, दोघेही दुखापतीनं बाहेर. दोघंही गेल्याच हंगामात पहिल्यांदा या लीगमध्ये उतरले. बंगळुरूला, प्रेक्षकांविना झालेल्या त्या आठव्या हंगामात मोहित सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि नगर जिल्ह्यातला अस्लम लांब पावलं टाकत असा खेळला की लोकांनी घराघरांत त्याचं नाव घ्यायला सुरुवात केली. यंदा पलटणची चढाई या दोन पोरांच्या खांद्यावर उभी राहिली. आता दोन्ही खांदे नाहीत.

सर चहाचा ग्लास खाली ठेवतात. त्यांचं बोलणं हळू असतं, पण तुम्ही कान द्या, कारण आज टपरीवर सगळ्यात नेमकं तेच बोलणार आहेत.

"तुम्ही म्हणता दोन रेडर गेले. मी म्हणतो चार माणसं गेली. मोहित चढाई करून आला की काय करतो? बसून राहतो का? कव्हरला उभा राहतो आणि डॅश मारतो. अस्लमपण पकडीच्या साखळीत हात देतो. त्यांच्या जागी जो येईल तो चढाई करेल, पण पकडीत तेवढा वजनदार असेल का? सातांत दोन जागा हलल्या की फझलचा डावा कोपरा उघडा पडतो."

फझल अत्राचली. इराणचा, पलटणचा कर्णधार. यंदाच्या लिलावात पुण्यानं त्याच्यासाठी १ कोटी ३८ लाख मोजले. २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग गेला होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. यंदा तमिळ थलायवाजनी पवन सेहरावतसाठी २ कोटी २६ लाख दिले आणि तो पहिल्याच सामन्यात जखमी होऊन हंगामभर बाहेर बसला. मावशींनी हे आकडे ऐकलेत. त्यांना पैशाचं नवल नाही, गुडघ्याचं आहे.

"पोराचा गुडघा गेला की कोटी काय कामाचे," त्या म्हणतात. "खेळवू नका दुखऱ्या पोरांना. आज हरलं तर हरलं."

कबड्डीची चर्चा महाराष्ट्रात नेहमी अशीच होते, हे तुम्हाला इथे बसल्यावर कळतं. क्रिकेटबद्दल बोलणाऱ्यांत बरेचसे बघणारे असतात. कबड्डीबद्दल बोलणाऱ्यांनी बहुतेकदा स्वतः कधीतरी माती खाल्लेली असते. सरांनी चुन्याच्या रेघांवर, पेट्रोमॅक्सच्या उजेडात सामने खेळलेत. कबड्डीमहर्षी बुवा साळवींचं नाव ते कानाला हात लावून घेतात. महाराष्ट्रानं या खेळाला नियम दिले, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिनमध्ये त्याची प्रात्यक्षिकं दाखवली, आणि तरी राष्ट्रीय स्पर्धेतल्या विजेतेपदासाठी महाराष्ट्राच्या पुरुषांना २००६ नंतर अकरा वर्षं थांबावं लागलं. २०१८ च्या जानेवारीत हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या संघानं सेनादलाला ३४-२९ असं हरवलं, तेव्हा सर रडले होते. ते तसं सांगत नाहीत. दादा सांगतो.

"मग आज चढाईला कोण?" पोरगा विचारतो.

"पंकज मोहिते," दादा. "परवा काय केलं बघितलं ना?"

परवा, १५ तारखेला, उपांत्य फेरी होती. मध्यंतराला थलायवाज २१-१५ असे पुढे होते. सगळ्यांनी पुणं सोडून दिलं होतं. मग या मुंबईच्या ठेंगण्या, चपळ पोरानं सामना उलटवला. एकट्याचे १६ गुण, आणि पलटण ३९-३७. त्या रात्री या टपरीवर दुधाचं पातेलं दोनदा चढवावं लागलं होतं.

"पंकज एकटा किती वेळ?" आप्पा सोडत नाहीत. "जयपूरनं ती मॅच बघितलीय. सुनील कुमार कव्हरला आहे. त्याला बाहेर ठेवला की पुढं?"

"पुढं आपला आकाश आहे," पोरगा म्हणतो.

आता 'आपला' या शब्दाला टपरीवरची सगळी डोकी वळतात. आकाश शिंदे नाशिकच्या आडगावचा. इथून तासाभराच्या वाटेवरचं गाव. सिन्नरच्या, निफाडच्या, नाशिकच्या मैदानांवर खेळणाऱ्या पोरांना त्याचं टीव्हीवर असणं म्हणजे काय असतं, ते बाहेरच्याला समजायला वेळ लागेल. कबड्डीची वाट आजवर मुंबई, ठाणे, रत्नागिरी, कोल्हापूर, सांगलीवरून जात आली. नाशिक त्या वाटेत क्वचित यायचं. आता एक पोरगा आडगावातून निघून वरळीच्या डोममध्ये अंतिम सामन्याला उभा राहतो. म्हणून खांबाला टेकलेल्या या पोराचा आवाज चढतो.

"आकाश नवखा आहे," आप्पा म्हणतात. "बाद फेरी ही नवख्यांची जागा नाही."

"मग त्यानं शिकायचं कुठं?"

सर हात वर करतात. "आप्पा बरोबर बोलतोय, पण अर्धंच. साखळीत सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तरी एक गुण पदरात पडतो. चूक केली तर उद्या पुन्हा सामना असतो. इथं चूक केली की हंगाम संपला. त्यामुळे पोरगा काय करतो? तीस सेकंदांतले वीस मध्यरेषेजवळ काढतो. दोन चढाया रिकाम्या. मग तिसरी आली की मरायचं किंवा मारायचं. कोपरेवाल्याला ते आधीच माहीत असतं. तो फक्त वाट बघतो. अनुभवी रेडर पहिल्या रिकाम्या चढाईतच बघून येतो की उजवा कोपरा पाय कुठला पुढं टाकतो. नवखा फक्त घड्याळ बघतो."

"मग तुम्हीपण म्हणता आकाशला नको?"

"मी म्हणतो, खेळवा. आणि हरला तर त्याला दोष देऊ नका. दोन्ही गोष्टी एकदम जमल्या पाहिजेत. आपल्याकडे पहिली जमते, दुसरी नाही."

तुम्हाला बोलावंसं वाटतं. तुम्हाला आठवतंय पुढं काय होतं. पण आठ वाजतात, डोममध्ये दिवे फिरायला लागतात, आणि मावशी आवाज वाढवतात.

पहिला अर्धा सामना कोरडा जातो. दोन्हीकडचे चढाईपटू जपून खेळतात. बोनस रेषेकडे पाय जातो आणि परत येतो. जयपूरचा अर्जुन देशवाल या हंगामात २९६ गुणांवर पोचणार आहे, तरी फझल त्याला मोकळं सोडत नाही. मध्यंतर १४-१२. जयपूर दोनच गुणांनी पुढे. टपरीवर आता दोन्ही बाकडी भरलीत, मागे मोटारसायकली उभ्या आहेत, हेल्मेट घातलेली माणसं तशीच बघतायत. पलीकडच्या दुकानात क्रोएशिया-मोरोक्को सुरू झालंय. तिकडून एक-दोन जण उठून इकडे येतात.

मध्यंतरानंतर पलटणवर लोण चढतो. लोण म्हणजे नुसते दोन गुण नसतात, ते तुम्ही इथल्या चेहऱ्यांवर वाचू शकता. सगळे गडी बाद होऊन पुन्हा आत येतात, आणि त्या मधल्या मिनिटभरात संघाला आपली ताकद किती उरलीय ते कळतं. पलटणकडे अशा वेळी धावून जाणारे दोघं बाकावर बसून आहेत. पंकज जातो. आकाश जातो. आदित्य शिंदे म्हणून अजून एक कोवळा पोरगा आहे, तोही या हंगामात पलटणच्या पिवळ्या-केशरी घोळक्यात आलाय. त्यांच्या प्रत्येक चढाईला टपरीवरून शिव्याही जातात आणि आशीर्वादही. अंतर कमी होतं, पण पूर्ण मिटत नाही. शेवटी ३३-२९. पिंक पँथर्स २०१४ नंतर पुन्हा विजेते.

आता खरी चर्चा सुरू होते. हरल्यावरची.

"सांगत होतो ना," आप्पा. पण त्यांच्या आवाजात मजा नाही. चार गुणांनी हरणं मुंबईवाल्यालाही लागलंय. हेल्मेटवाला कुणीतरी म्हणतो, ही पोरं कच्ची आहेत, सगळी विकून टाका, एक मोठा रेडर घ्या. दादा त्याच्यावर चिडतो. पोरगा खांबापासून हललेला नाही. त्याचे डोळे भरलेत, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही.

सर त्या हेल्मेटवाल्याला खाली बसवतात.

"बाबा, हा संघ विकत घेऊन झालेला नाही. मोहित, अस्लम, आकाश, आदित्य, सगळी विशी-बाविशीतली. यांना यंदा एक हंगाम मिळाला, आणि त्यातल्या निम्म्यांना अंतिम सामना मिळाला, तोही मोठी माणसं बाकावर असताना. तू म्हणतोस विका. अरे, आज जे शिकले ते कुठल्या लिलावात मिळतं?"

माझं म्हणणं सरांच्याच बाजूचं आहे, ते इथेच सांगून टाकते. आपण तरुण खेळाडूबद्दल बोलतो तेव्हा त्याची सरासरी काढतो, तुलना करतो, आणि दोन सामन्यांत निकाल लावून मोकळे होतो. चढाईपटूच्या बाबतीत हे जास्तच क्रूर आहे, कारण तो एकटा जातो. पकड चुकली तर दोष तिघांत वाटला जातो. चढाई चुकली तर कॅमेरा एकाच चेहऱ्यावर थांबतो. अशा पोराला अंतिम सामन्यात पाठवायचं धाडस प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी दुखापतींमुळे केलं, असं म्हणता येईल. पण पुढच्या वर्षी तीच पोरं हाताशी ठेवण्याचं धाडस सक्तीचं नव्हतं. ते निवडलेलं होतं.

चला, पुढं चलू.

७ ऑक्टोबर २०२३. तीच टपरी, दिवसाउजेडी. चीनमधल्या हांगझोऊला आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण, २८-२८ वर अडकलाय. पवनच्या एका चढाईवरून नियमाचा वाद पेटलाय आणि खेळ थांबलाय. टपरीवर सगळे नियमपुस्तक झालेत. लॉबीत पाय गेला की काय होतं, जुना नियम कुठला, नवा कुठला, यावर आप्पा आणि दादा एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकतो. योगायोग पाहा, आकडे तेच. भारताच्या त्या बारा जणांत अस्लम इनामदार आहे. आकाश शिंदेही आहे. आडगावच्या पोराच्या गळ्यात सुवर्णपदक पडतं तेव्हा मावशी चहाचे पैसे घेत नाहीत.

आणि आता शेवटचा थांबा. शुक्रवार, १ मार्च २०२४.

थंडी सरून गेलीय. दुपारी ऊन चटका द्यायला लागलंय. समृद्धी आता सिन्नर तालुक्यातून वाहतेय, गोंद्याच्या फाट्यावरून गाड्या चढतात-उतरतात. भरवीर ते इगतपुरीचा तुकडा तीन दिवसांनी सुरू होणार आहे. टपरीवर टीव्ही मोठा आलाय. सामना हैदराबादला, गचीबावलीच्या मैदानात, पुणेरी पलटण विरुद्ध हरियाणा स्टीलर्स. फझल आता पुण्यात नाही. कर्णधार आहे अस्लम. मोहित आहे, पंकज आहे, आकाश आणि आदित्य संघात आहेत. हेल्मेटवाल्यानं विकायला सांगितलेली पोरं विकली गेली नाहीत. त्यांच्या जोडीला इराणचा मोहम्मदरेझा शादलू आणलाय, २ कोटी ३५ लाखांना. साखळीत पलटण ९६ गुणांनी अव्वल आली. बावीस सामन्यांत फक्त दोन पराभव. उपांत्य फेरीत पाटण्याला ३७-२१ असं लोळवलं.

तरी टपरीवर धाकधूक आहेच. "हरियाणाकडंपण आपलीच पोरं आहेत," आप्पा आठवण करून देतात. "कोल्हापूरचा सिद्धार्थ देसाई. नगरचा शिवम पठारे." गेल्या वेळचा खांबाला टेकलेला पोरगा आता एकोणीसचा होत आलाय, जिल्ह्याच्या निवड चाचणीला जाऊन आलाय, आणि बाकड्यावर सरांच्या शेजारी बसतो. मधल्या काळात त्याची जागा बदललीय, ते कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

पहिला अर्धा पुन्हा कोरडा. मग मध्यंतराच्या तोंडावर पंकज मोहिते जातो आणि एकाच चढाईत चार गडी घेऊन परततो. बाकडं हलतं. १३-१०. दुसऱ्या अर्ध्यात पलटण पुढे राहते, हरियाणा चिकटून येते, पठारे शेवटी शेवटी त्रास देतो. तुम्हाला निकाल माहीत असूनही तुमची मूठ आवळलेली असते. २८-२५. पलटण पहिल्यांदा विजेती. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू अस्लम इनामदार. वरळीत ज्या रात्री त्याला बाकावर बसावं लागलं, ती रात्र त्यानं कुठे ठेवली असेल, ते त्याच्या हातातला करंडक बघताना तुम्ही ओळखू शकता.

रस्त्यावर फटाक्यांची एक माळ फुटते. आप्पा दादाला मिठी मारतात आणि लगेच सोडतात. मावशी सरांना विचारतात, "अस्लमचा गुडघा बरा ना आता?" सर म्हणतात, बरा दिसतोय, पण पोरांनी जपलं पाहिजे.

दहा मिनिटांत, तुम्ही बघा, पुढच्या हंगामाचा वाद सुरू झालेला असतो. दादाच्या मते संघ आहे तसाच ठेवायचा. आप्पांच्या मते शादलूला ठेवायचं तर कुणाला तरी सोडावंच लागेल, लिलावात पैशाला मर्यादा असते. हेल्मेटवाला, तोच, आता म्हणतो की आकाशला पूर्ण सामने मिळत नाहीत, हा अन्याय आहे. सगळे त्याच्याकडे बघतात, पण जुनी आठवण कुणी काढत नाही.

"आणि आदित्य?" बाकड्यावरचा पोरगा म्हणतो. "सर, तो बोनसला पाय टाकताना बघा तुम्ही. घड्याळ बघत नाही तो. कोपरा बघतो. त्याला एक अख्खा हंगाम द्या फक्त."

"कुणाच्या जागी?" आप्पा विचारतात, आणि मावशी अजून एक पातेलं चढवतात, कारण या प्रश्नाला वेळ लागणार आहे.